लेकरासाठी सायकल घेताना: माप, फिटिंग आणि सोलापूरचे काटे

वाढत्या अंगाचा शर्ट चालतो, बाह्या दुमडता येतात. सायकलीचं तसं नाही. कुठल्याही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या लहान सायकली जरा नीट पाहा. बऱ्याचशा मोडलेल्या नसतात. घेतल्या तेव्हा त्या मुलाला मोठ्या होत्या, म्हणून चालवल्याच गेल्या नाहीत; आणि अंगाला बसतील एवढं मूल वाढलं तोवर टायर चिरले, चेन गंजली आणि हौसही संपली.

दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एक नंबर मोठी घ्या, दोन वर्षं जास्त चालंल." घरातली मोठी माणसंही मान डोलावतात. पण पाय टेकत नाहीत त्या सायकलीवर मूल घाबरतं, ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत, आणि एकदा जोरात आपटलं की पुढचे सहा महिने सायकलीचं नाव काढत नाही. त्यामुळे सायकल निवडायची ती आज बसेल अशी.

माप घरीच घ्या

स्टिकरवर '५ ते ८ वर्षे' असं लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या पायांत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक सहज असतो. लागतं ते पायाच्या आतल्या बाजूचं माप, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर.

मुलाला अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून उभं करा. टाचा भिंतीला, पावलांत वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर. जाड पुठ्ठ्याचं एखादं पुस्तक दोन पायांच्या मध्ये घालून वर सरकवा, सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितकं. पुस्तकाची एक कड भिंतीला चिकटलेली असू द्या, म्हणजे ते तिरकं होत नाही. वरच्या कडेपाशी पेन्सिलने खूण करा आणि खूण ते फरशी हे अंतर टेपने मोजा. दोनदा मोजा, कारण पहिल्या वेळी मूल हसतं आणि टाचा उचलतं. बारीक तारीख टाकून ती खूण भिंतीवर राहू द्या, पुढे कामाला येते.

साधारण हिशोब असा. माप ३५ ते ४२ सेंमी असेल तर १२ इंची चाक, ३८ ते ४६ ला १४ इंची, ४३ ते ५३ ला १६ इंची, ५३ ते ६३ ला २० इंची, ६३ ते ७२ ला २४ इंची आणि त्यापुढे २६ इंची. हे आकडे चाकाचे आहेत, फ्रेमचे नाहीत. आजोबांच्या काळ्या सायकलीला 'बावीस इंची' म्हणतात ते फ्रेमचं माप. तिचं चाक २८ इंची असतं. दुकानात बोलताना हा घोळ होतो, म्हणून 'चाक किती इंची' असंच विचारा.

दोन नंबरांच्या सीमेवर माप आलं तर शिकाऊ मुलाला लहान नंबर आणि आधीच चालवता येणाऱ्याला मोठा. चाकाचा नंबर एवढ्याने मात्र काम भागत नाही. एकाच १६ इंचीत एका कंपनीची सीट खाली येते, दुसरीची येत नाही. म्हणून दुकानात टेप घेऊनच जा. सीट पूर्ण खाली करायला सांगा आणि जमिनीपासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजा. शिकाऊ मुलासाठी हे अंतर त्याच्या मापाइतकं किंवा दोन-तीन सेंमी कमी हवं, म्हणजे दोन्ही पावलं सपाट टेकतात. मुलाचं माप ४८ असेल आणि सीट ५१ च्या खाली येतच नसेल, तर ती सायकल कितीही छान असली तरी आज त्याची नाही. जाड फोमची सीट काढून पातळ बसवली की दोन-तीन सेंमी मिळतात. मिस्त्री हे पाच मिनिटांत करून देतो. कोणी सीटचा दांडा कापून देतो म्हणालं तर मात्र सावध राहा. कापताना दांड्यावरची 'याच्या वर काढू नये' ही रेघही जाते, आणि पुढे सीट वर घेताना दांडा नळीत पुरेसा राहत नाही. निदान साडेसहा सेंमी दांडा नळीच्या आत हवाच.

सायकल येऊ लागलेल्या मुलाला पावलांचे चवडे टेकले तरी पुरे. पक्की येऊ लागली की सीट आणखी वर घ्या: पेडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ, गुडघ्यात किंचित बाक. ठेंगण्या सीटवर गुडघे छातीपाशी आणून पेडल मारणारी मुलं लवकर दमतात आणि आईबापांना वाटतं, याच्यात ताकदच नाही.

बसवून बघा, नुसतं उभं करून नको

मूल सीटवर बसलं की हँडल पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे वळवायला सांगा. गुडघा हँडलला लागता कामा नये आणि लांबच्या हातासाठी मुलाला वाकावं लागता कामा नये. कोपरात थोडा बाक असावा.

मग क्रँक, म्हणजे पेडल ज्या दांडीला असतं ती. तिची लांबी, एक्सलच्या मध्यापासून पेडलच्या मध्यापर्यंत, मुलाच्या मापाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असावी. ५० सेंमी मापाला १०० मिलिमीटर उत्तम, ११५ चालेल. लहान सायकलींना मोठ्या सायकलींची लांब क्रँक लावलेली दिसते. तिने गुडघा फार वर येतो आणि वळणावर खालचं पेडल जमिनीला घासतं. हे दुकानदाराला विचारून कळत नाही, मोजूनच कळतं.

गिअर नसलेली सायकल जड चालते की हलकी, हेही बघता येतं. पेडल खाली असताना फरशीवर खूण करा आणि पेडलचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत सायकल पुढे ढकला. १६ इंची सायकल दोन ते पावणेतीन मीटर गेली तर ठीक. त्याहून जास्त जात असेल तर थांबलेल्या सायकलीवर पहिलं पेडल मारतानाच मुलाचा जीव जाईल.

वजनाकडे फारसं कोणी पाहत नाही. मोठा माणूस स्वतःच्या वजनाच्या पाव-पंचमांश सायकल चालवतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपण त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जड लोखंड देतो. सोपी परीक्षा: सायकल आडवी पाडा आणि मुलाला एकट्याने उभी करायला सांगा. जमलं नाही तर ती त्याला जड आहे. दोन सायकलींत निवड असेल तर हलकी घ्या, रंग कुठलाही असो. (हे वाक्य मुलासमोर मोठ्याने म्हणू नये.)

शॉकप, डिस्क, गिअर: कशाला नाही म्हणायचं

पुढच्या चिमट्यातले (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमधले) शॉकअॅब्सॉर्बर वीस किलोच्या मुलाच्या वजनाने दबतच नाहीत. स्प्रिंगा तेवढ्या नरम नसतात. मिळतं काय, तर किलोभर जास्तीचं वजन. मागचा शॉकप त्याहून वाईट, त्याचे बुश झिजले की मागचं चाक डुलायला लागतं.

स्वस्त डिस्क ब्रेक दिसायला मोटारसायकलसारखे, पण डिस्क जराशी वाकली की घासत राहते आणि तारा सारख्या सेट कराव्या लागतात. २० इंचीपर्यंत रिमला धरणारा चांगला ब्रेक पुरतो. गिअरसाठी २४ इंचीपर्यंत थांबा. सोलापूर तसं सपाट आहे, आणि लहान मुलं गिअर थांबून बदलतात, त्यात चेन उतरते. शिवाय बाहेर लोंबणारा मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) सायकल उजवीकडे पडली की आधी वाकतो.

नाही म्हणायची गरज नसलेल्या गोष्टी: घंटी, मडगार्ड, पूर्ण झाकणारं चेनकव्हर. पुढची टोपली हलकी असेल तर असू द्या, मुलं तिच्यात काय काय घालून फिरतात.

ब्रेकवर दहा मिनिटं घालवा

मुलाची तर्जनी आणि मधलं बोट, निदान पहिल्या पेरापर्यंत, लिव्हरवर बसली पाहिजेत. बहुतेक लिव्हरना आतल्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो; तो आत पिळला की लिव्हर हँडलजवळ येते. दुकानात या स्क्रूला क्वचितच कोणी हात लावतं. प्लास्टिकची लिव्हर दाबल्यावर स्वतःच वाकत असेल तर धातूची बसवून घ्या.

मग प्रत्येक ब्रेक वेगळा तपासा. सायकल ढकलत पुढचा ब्रेक दाबला की मागचं चाक उचलू पाहतं, मागचा दाबला की मागचं चाक घसटत येतं. हे तुमच्या हाताने झालं, की तेच मुलाला दोन बोटांनी करायला लावा. होत नसेल तर दोष बहुधा तारेत असतो: बाहेरची नळी जास्त लांब ठेवून वाकडी-तिकडी फिरवलेली असते. नळी छोटी करून आत मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले की ब्रेक हलका होतो.

लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. ब्रेकचं रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटर लांब आणि पूर्णपणे रिमवर बसलेलं हवं. वरच्या बाजूला टायरला घासत असेल तर महिन्याभरात टायरची कड कापली जाते. खाली घसरलेलं असेल तर ते चाकाच्या तारांत शिरू शकतं. उजवी लिव्हर बहुतेक वेळा पुढच्या ब्रेकची असते, मोटारसायकलसारखी, पण उलटी जोडलेली सायकलही मिळते. घरात दोन सायकली असतील तर दोन्हींची जोडणी सारखी करून घ्या.

रिमला चुंबक लावून बघा. चिकटलं तर रिम लोखंडी. चकचकीत क्रोमची लोखंडी रिम पावसात ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही. अॅल्युमिनियमची बरीच बरी. इथे पाऊस कमी पडतो हे खरं, पण पडतो त्या दिवशी मुलं नेमकी बाहेर असतात.

टायर आणि वेडी बाभूळ

सोलापुरात सायकलीचा खरा शत्रू म्हणजे काटा. मोकळे प्लॉट, ओढ्याच्या कडा, रस्त्याच्या बाजूच्या झुडपी जागा, सगळीकडे वेडी बाभूळ. तिचे वाळलेले काटे मातीत दिसत नाहीत आणि पातळ टायर सहज भेदतात. यावर दुकानदार 'ट्यूबलेस' म्हणून भरीव फोमचे टायर दाखवतो. त्यांना पंक्चर होत नाही हे खरं, पण ते ट्यूबलेस नव्हेत, नुसते भरीव आहेत. कडक चालतात, गुळगुळीत फरशीवर आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी. १२ इंचीला, अंगणात चालवायला ठीक. १६ इंचीपासून पुढे हवेचाच टायर घ्या, अंगठ्याने दाबून जाड रबराचा, आणि ट्यूब व टायरच्या मध्ये जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी बसवून घ्या. थोडं वजन वाढतं, पंक्चर बरेच कमी होतात.

पंक्चर काढल्यावर त्याच दिवशी पुन्हा हवा गेली, तर ट्यूब बदलण्याआधी टायर आतून तपासा. बोट फिरवू नका. कापसाचा बोळा फिरवा, काट्याचं टोक असेल तिथे कापूस अडकतो. तो काटा पक्कडीने बाहेर काढल्याशिवाय दहा पंक्चर काढली तरी उपयोग नाही.

हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं, लहान सायकलींना बहुधा ३० ते ४० पीएसआय. पेट्रोलपंपावरच्या मशीनने लहान ट्यूब क्षणात फुगते आणि फुटते. घरात पायपंप ठेवा, दर आठवड्याला हवा बघा. टायर बदलताना नुसतं 'वीस इंची' म्हणू नका. बाजूवर '५७-४०६' सारखा आकडा असतो: पहिला रुंदी, दुसरा रिमचं माप, दोन्ही मिलिमीटरमध्ये. त्याचा फोटो मोबाइलमध्ये असला की चुकीचा टायर घरी येत नाही.

अर्धी सायकल दुकानात बनते

लहान सायकली बहुतेक वेळा अर्धवट जोडलेल्या, खोक्यात येतात. हँडल, पुढचं चाक, पेडल, ब्रेक, सीट हे सगळं दुकानातला मिस्त्री जोडतो. त्यामुळे नामांकित कंपनीची सायकलही घाईच्या फिटिंगने धोक्याची होते. पाडवा आणि दसरा या दिवशी दुकानात रांग असते आणि एकेक सायकल दहा मिनिटांत उरकली जाते. मुहूर्त साधायचा असेल तर दोन-तीन दिवस आधी जा, सायकल निवडा, फिटिंग समोर करून घ्या आणि पाडव्याला फक्त घरी आणा. पूजेचा हार हँडलला घातला असेल तर चालवण्याआधी काढा. दोरा पुढच्या चाकात गुंतला तर हबभोवती, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याभोवती, आवळतो.

समोर उभं राहून एवढं बघा. चिमट्याचा बाक पुढच्या दिशेला हवा. चिमटा उलटा बसवणं ही लहान सायकलींत नेहमी दिसणारी चूक आहे: पुढचं चाक पेडलच्या जवळ येतं आणि वळताना पाय चाकाला लागतो. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिळा, जागचं हलता कामा नये. हँडलच्या दांड्यावरही सीटसारखीच मर्यादेची रेघ असते, ती नळीच्या बाहेर दिसली की हँडल खाली घ्या. हँडलच्या दोन्ही टोकांना ग्रिपचं बूच शाबूत हवं, उघडी नळी पडताना पोटात लागते.

पेडलांवर एल आणि आर अशी अक्षरं कोरलेली असतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. चुकीचं पेडल जोर लावून बसवलं तर क्रँकचे आटे जातात, पेडल महिन्याभरात गळून पडतं आणि मग क्रँकच बदलावी लागते. पेडल पहिले तीन-चार फेरे हाताने फिरलं पाहिजे, नंतर पाना. लक्षात ठेवायला सोपं: पाना वर धरून पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंची पेडलं घट्ट होतात.

चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघत राहा. रिम डावी-उजवी हलत असेल तर 'आउट' काढून घ्या, म्हणजे तारा आवळून रिम सरळ करून घ्या. चाक धरून बाजूला हलवा, खटखट वाजलं तर हबचे कोन सैल आहेत. चेन मधोमध वर-खाली एक सेंमीच्या आसपास हलावी. ताठ असेल तर पेडल जड, फार सैल असेल तर उतरणार.

बिल घ्या, त्यावर फ्रेमचा नंबर लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, बिलावर तोच लागलाय ना ते बघा. महिन्याभराने एकदा सायकल परत दुकानात न्या: चाकाच्या नव्या तारा बसतात, ब्रेकच्या वायरी ताणतात, नट सैल होतात. पहिली सर्व्हिसिंग फुकट असते तरी पुष्कळ लोक जातच नाहीत.

बाजूची चाकं की पेडल काढून?

बाजूच्या दोन लहान चाकांनी मूल पेडल मारायला शिकतं, तोल सांभाळायला नाही. उलट वळताना बाहेरच्या बाजूला कलण्याची सवय लागते. लावलीच तर दोन्ही जमिनीपासून एक सेंमी वर ठेवा. दोन्ही टेकलेली असली तर खड्ड्यात मागचं चाक अधांतरी राहतं, आणि ब्रेक दाबला तरी सायकल थांबत नाही.

त्यापेक्षा दोन्ही पेडलं काढा, सीट पूर्ण खाली आणा आणि मुलाला पायांनी ढकलत फिरू द्या. होम मैदानासारखी मोकळी, सपाट जागा सकाळी सात वाजता उत्तम. जानेवारीत तिथे गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) भरलेला असताना अर्थातच नाही. आधी चालत, मग लांब ढांगा, मग दोन्ही पाय उचलून. पाच-सात मीटर पाय न टेकता जाऊ लागलं आणि ब्रेकने थांबू लागलं, की पेडलं परत लावा. धरायचं असेल तर मुलाचे खांदे किंवा पाठ धरा. सीट धरली की तोल तुम्ही सांभाळता आणि मुलाला काही कळत नाही. एप्रिल-मेमध्ये आठनंतर सायकल बाहेर काढू नका, पारा चाळिशीपार जातो आणि उन्हात उभ्या सायकलीची सीटही चटका देते.

हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं. पट्ट्या कानाखाली मिळाव्यात आणि हनुवटीखाली एक बोट जाईल इतकी घट्ट. आत 'ईएन १०७८' किंवा 'सीपीएससी' अशी सुरक्षा मानकाची खूण बघा. नुसतं थर्माकोलवर प्लास्टिक चढवलेलं खेळण्यातलं हेल्मेट घेऊ नका.

शाळेला जाणारी सायकल

इथे हिशोब बदलतो. २४ किंवा २६ इंची, पूर्ण चेनकव्हर (ओढणी आणि युनिफॉर्मची पँट दोन्ही चेनमध्ये जातात), मजबूत कॅरिअर, भक्कम स्टँड, कुलूप. दप्तर हँडलला लटकवू देऊ नका, वळताना ते चाकात जातं. विजापूर रस्ता, होटगी रस्ता, अक्कलकोट रस्ता अशा ठिकाणी पहाटे किंवा संध्याकाळी जायचं असेल तर मागे लाल दिवा, पुढे पांढरा, पेडलांना आणि चाकांच्या तारांना रिफ्लेक्टर. ऊस गाळपाच्या दिवसांत दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि चालकाला मागची ट्रॉली नीट दिसत नाही. त्याच्या शेजारून कधीच पुढे जायचं नाही, हे मुलाला सायकलीआधी शिकवा.

चेनला नारळाचं तेल, इंजिनचं जळकं ऑइल यातलं काही नको. त्यावर इथली धूळ बसून चिखल होतो. शिवणयंत्राचं तेल प्रत्येक कडीवर एक थेंब, पेडल उलटं दहा वेळा फिरवून मग फडक्याने वरचं पुसून टाका. पंधरा दिवसांतून एकदा. सायकल धुवायला पाण्याची गरज नाही (नळाला रोज पाणी कुठे येतं), ओलं फडकं पुरतं.

ताईची सायकल धाकट्याला

चुलत-मावस भावंडांकडून आलेली सायकल ही उत्तम सायकल, फक्त आधी चार जागा बघा. हँडलखालची जोडणी: रंगाला बारीक भेग म्हणजे खाली फ्रेम तडकलेली असू शकते, तशी सायकल वेल्डिंग करूनही मुलाला देऊ नका. चिमटा बाजूने बघून वाकलेला नाही ना. टायर दुमडून चिरा दिसतात का. आणि चेन: नव्या चेनच्या २४ कड्या नेमक्या १२ इंच भरतात. खिळ्याच्या मध्यापासून मोजा. १२ इंचांवर एक-अष्टमांश इंच किंवा जास्त भरल्या तर चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चकती) दोन्ही बदला, नुसती चेन बदलली तर नवी चेन जुन्या दातांवर घसरते.

ब्रेकची रबरं आणि वायरी मात्र न बघताच नव्या टाका. जुनं रबर दिसायला जाड असलं तरी कडक झालेलं असतं, आणि धाकट्याच्या बोटांत ताईएवढा जोर नसतो.